अण्णांची वही आणि कॅसेटची यादी

व्हिडिओ कॅसेटचे कपाट ज्या घरात अजून शाबूत आहे, त्या घरातील मंडळींनी एकदा लेबले वाचून पाहावीत. ‘लग्न’, ‘रामायण’, ‘क्रिकेट’, ‘बारसे?’ अशी ती असतात. त्या प्रश्नचिन्हापुढेच खरी अडचण सुरू होते.

माझी मावसबहीण दादऱ्यात राहते. नागर हवेलीपासून वेगळा, चहूबाजूंनी गुजरातने वेढलेला हा तुकडा. वापी-सिल्वासाच्या कारखान्यांमुळे आपल्याकडची बरीच कुटुंबे तिकडे गेली, त्यांतलेच हे एक. तिचे सासरे, अण्णा, निपाणीहून मुलाकडे राहायला गेले तेव्हा साठेक कॅसेट बरोबर नेल्या. बाबूजींच्या दूरदर्शनवरील गाण्याची कॅसेट त्यांनी वरच्या खणात मानाने ठेवली, कारण 1954 च्या दादरा-नगर हवेली मुक्तिलढ्यात सुधीर फडके स्वतः उतरले होते.

घरातला रेकॉर्डर स्वस्तातला, पण त्यात यादीची सोय होती. रेकॉर्डिंग केले की यंत्र कॅसेटला क्रमांक देई आणि तारीख व नाव आपल्या स्मृतीत ठेवी. नाव रिमोटने, एकेक रोमन अक्षर निवडून भरायचे. ‘अज्जी’ लिहायलाच पाच मिनिटे! कन्नड नाही, मराठी नाही. अण्णा कंटाळले आणि त्यांनी शंभर पानी वही घातली. एका रकान्यात मराठी, शेजारी कन्नड.

पुढे यंत्र बिघडले, आतली पाटी बदलावी लागली आणि सगळी यादी पुसली गेली. यादी कॅसेटमध्ये नव्हतीच, यंत्रात होती. (सोनीने मात्र चिप बसवलेले लेबल कॅसेटलाच चिकटवायची युक्ती काढली होती. आपल्याकडे ती कोणाच्या घरी पाहिल्याचे आठवत नाही.) वही राहिली. आणखी एक गोष्ट राहिली. अशा यंत्रात रेकॉर्डिंग सुरू होताच फितीच्या खालच्या कडेला असलेल्या नियंत्रण-पट्टीवर खूण उमटते. ‘इंडेक्स’चे बटण दाबले की फीत त्या खुणेपाशी थांबते. ही सोय असलेल्या दुसऱ्या यंत्रावरही ती खूण सापडते. तिथे काय आहे हे मात्र ती सांगत नाही, ते वहीच सांगते.

आज हे महत्त्वाचे का? 2016 च्या जुलैत जपानच्या फुनाई कंपनीने व्हीएचएस रेकॉर्डर बनवणे थांबवले. आहेत ती यंत्रे म्हातारी झाली. दादऱ्याच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट यंत्रात घालू नये, हेडही खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. शिवाय संगणकावर उतरवताना तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. साठ कॅसेट म्हणजे एकशे ऐंशी तास. दुकानात द्यायच्या तर दर कॅसेटमागे मोजायचे. सगळे होणार नाही, तेव्हा आधी काय वाचवायचे हे ठरवणे आलेच. रामायण पुन्हा कुठेही मिळेल. अज्जी मिळणार नाही.

बहिणीने वहीवरून दहा कॅसेट निवडल्या. दोन आधीच बुरशीने गेल्या होत्या. एकीवर, पाठीमागची प्लॅस्टिकची जीभ कोणी मोडून ठेवली नसल्याने, साखरपुड्यावर एकदिवसीय सामना चढला होता. तेवढी जीभ मोडली की त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. आपल्यापैकी किती जणांनी ती मोडली असेल?

चौदा नंबरात मात्र तिसऱ्या खुणेवर बारसे निघाले. पाळण्याशी बसून अज्जी कन्नड जोगुळ म्हणतात आणि मधेच कोणाला तरी मराठीत दूध आणायला सांगतात. बहिणीच्या मुलांना मराठी आणि गुजराती येते, कन्नड नाही. म्हणून तिने अण्णांच्या वहीत तिसरा रकाना आखला आहे, अर्थाचा. जोगुळाच्या दोन शब्दांपुढे तो अजून मोकळा आहे. निपाणीच्या काकूंना फोन लावून विचारायचे आहेत.