मॅटमध्ये जायचे, तर आधी मुदत पाहा

बढतीत डावलले, ज्येष्ठता यादीत खाली ढकलले, सहकाऱ्यांना मिळालेला लाभ एकट्याला नाकारला. अशा भेदभावाविरुद्ध राज्य सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’कडे दाद मागता येते. सामान्यतः त्याआधी नियमांनुसार खात्याकडे अपील करावे लागते. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, 1985 च्या कलम 21 नुसार, अंतिम आदेश झाल्यापासून एक वर्षाच्या आत मॅटमध्ये अर्ज दाखल व्हायला हवा.

खाते उत्तरच देत नसेल तर? सहा महिने वाट पाहायची आणि त्यानंतरच्या वर्षभरात मॅट गाठायचे. समजा, अपील 10 जून 2024 रोजी दिले. सहा महिने 10 डिसेंबर 2024 ला भरतात. म्हणजे 10 डिसेंबर 2025 च्या आत अर्ज व्हायला हवा.

घात होतो तो इथेच. कर्मचारी स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे देत राहतो आणि वर्ष उलटून जाते. नियमांत तरतूद नसलेल्या वारंवार विनंत्यांनी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केले आहे. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण ते गृहीत धरू नये. अपिलाच्या प्रतीवर आवक विभागाचा तारखेसह शिक्का घ्या आणि ती प्रत जपून ठेवा.