वासूचा उपास

‘सापाला दूध पाजणं’ हा वाक्प्रचार आपण कृतघ्न माणसासाठी वापरतो. आपण उपकार करावेत आणि समोरच्यानं फणा काढावा. बँकेतल्या चौतीस वर्षांत कर्ज बुडवणाऱ्यांच्या संदर्भात मी तो वरिष्ठांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला, की त्यातला साप मला दिसेनासाच झाला होता. कर्जदाराची बाजू तिथं सहसा कोणी विचारत नसे. सापाची तर कोण विचारणार?

बाजू विचारली असती तर ती अशी निघाली असती. दूध हे सापाचं अन्न नव्हेच. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांना आई दूध पाजते, सापाच्या सबंध कुळात ती सोयच नाही. त्यामुळे दूध पचवण्याची तयारीही त्याच्या पोटाची नसते. मग नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग वाटीत तोंड घालतो, ते काय? तर त्याला आधी कित्येक दिवस पाण्याशिवाय ठेवलेलं असतं. घसा कोरडा पडलेला जीव समोर येईल त्या ओल्या पदार्थात तोंड घालतो. त्यातलं थोडं दूध श्वासनलिकेत आणि तिथून फुप्फुसात जातं. दात पाडताना तोंडात जखमा झालेल्या असतातच. वर आपण श्रद्धेनं हळदकुंकू टाकतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यांवर पारदर्शक खवल्याचं एक झाकण असतं तेवढंच. सण आपला साजरा होतो, नाग मात्र पुढच्या काही आठवड्यांत टोपलीतच मरतो.

हे सगळं मी वाचून जाणून होतो. पण सापाला खरोखर जेवू कसं घालतात, कुठं घालतात, हे पाहायचा योग आला तो २०२४च्या उन्हाळ्यात, आणि तोही अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराच्या एका उपनगरात. तिथं आमची लेक राहते. अकरा वर्षांच्या नातीला कुत्र्यामांजरांच्या केसांची ॲलर्जी. पाळीव प्राणी तर हवाच. तेव्हा केस नसलेला प्राणी म्हणून घरात एक बॉल पायथन आला. आपल्या अजगराचा हा आफ्रिकेतला धाकटा भाऊ. घाना, टोगो, बेनिन या बाजूचा. बिनविषारी, चार-साडेचार फुटांचा, आणि स्वभावानं इतका भित्रा की घाबरला की अंगाचा चेंडू करून त्यात डोकं लपवतो. त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. नीट सांभाळला तर वीस-पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे नातीच्या लग्नात हा हजर असायचा! आमच्या सौ.नी फोनवरूनच त्याचं बारसं केलं होतं, ‘वासुकी’. घरात त्याचा वासू झाला.

घर शाकाहारी. आम्ही पोहोचलो त्याच दिवशी सौ.नी बर्फ काढायला फ्रीझर उघडला आणि मला हाक मारली, ‘‘अहो, इकडे या. मटाराच्या शेजारी उंदीर आहेत.’’

होते खरे. प्रत्येकी साठ ग्रॅमचे, पारदर्शक पिशवीत हारीनं झोपवलेले. तिथल्या दुकानांत सापांसाठी असे गोठवलेले उंदीर वजनाप्रमाणे मिळतात. नुकतंच जन्मलेलं गुलाबी पिल्लू सापाच्या पिल्लाला, मोठा उंदीर मोठ्या सापाला. सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, साधारण तेवढ्या जाडीचं भक्ष्य द्यायचं. पिल्लाला आठवड्यातून एकदा, वाढलेल्या सापाला दोन-तीन आठवड्यांतून एकदा. एवढ्यावर त्याचं भागतं, कारण अंग गरम ठेवायला आपण जे अन्न जाळतो ते त्याला जाळावं लागत नाही. ऊब तो बाहेरून घेतो.

सौ.नी मात्र त्या फ्रीझरमधलं काहीही खायला साफ नकार दिला. ‘‘सोवळं नसलं तर नसू दे, पण काही ताळतंत्र?’’ लेकीनं नाक मुरडलं. ‘‘आई, सगळं सीलबंद असतं गं.’’ जावई मध्ये पडले नाहीत, ते शहाणे आहेत. शेवटी गॅरेजमध्ये एक छोटा जुना फ्रीझर आला. गंमत अशी, की अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं, सीडीसीचं, म्हणणं सौ.सारखंच आहे. हे गोठवलेले उंदीर माणसाच्या अन्नापासून लांब ठेवा, स्वयंपाकघरात वितळवू नका, ताटवाट्या वेगळ्या ठेवा, नंतर साबणानं हात धुवा. गोठवल्यानं साल्मोनेला जंतू मरत नाहीत. अशा उंदरांवरून माणसांना बाधा झाल्याच्या साथी तिथं २०१० आणि २०१४ साली नोंदल्या गेल्या आहेत. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर सरपटणारे प्राणी पाळूच नयेत, आणि पासष्टीपुढच्यांनीही त्यांना हाताळू नये, असंही ते केंद्र सांगतं. मी त्या दुसऱ्या यादीत नुकताच दाखल झालो होतो. वासूला हातात घेण्याचा आग्रह त्यामुळे आपोआप टळला.

पण घरातली खरी काळजी निराळीच होती. वासू जेवत नव्हता.

नातीनं त्याची एक वही ठेवली होती. तारीख, उंदराचं वजन, खाल्ला की नाकारला, कात कधी टाकली, सापाचं वजन. ती वही तिनं मोठ्या विश्वासानं माझ्या पुढ्यात ठेवली, कारण आजोबा हिशेब तपासतात हे तिला ठाऊक होतं. नोंदी चोख होत्या. शेवटचं जेवण २५ मे. त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी एकच शब्द, ‘नाकारला’. बँकेच्या भाषेत खातं निष्क्रिय होत चाललेलं! वजन ११८० ग्रॅमवरून ११२२वर आलं होतं. जुलै संपला तेव्हा पोरीनं वहीत चेहरे काढणं बंद केलं. आधी ती प्रत्येक जेवणापुढं हसरा चेहरा काढायची.

या जातीचे साप उपास करतात, महिनोन् महिने करतात, हे तिच्या आईनं वाचलं होतं. पण अकरा वर्षांच्या मुलीला ‘महिनोन् महिने’ हा काय दिलासा? जिवंत उंदीर सोडून बघू, असं तिनं सुचवलं. कोणी म्हणालं, चिमट्यानं तोंडात कोंबू. शेवटी सापांची माहिती असलेल्या एका पशुवैद्य बाईंकडे वासूला उशीच्या अभ्र्यात घालून नेलं. मीही गेलो.

बाईंनी त्याचं तोंड, अंग, श्वास तपासला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘याला जेवायला कुठं घालता?’’

घालत कुठं होते? तर त्याच्या काचेच्या पेटीतून त्याला उचलायचं, दिवाणखान्यात आणायचं, प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात ठेवायचं आणि पुढ्यात उंदीर धरायचा. यामागं एक जुनी समजूत आहे. राहत्या पेटीत खाऊ घातलं तर पेटी उघडणारा प्रत्येक हात सापाला अन्नच वाटेल आणि तो चावेल, अशी. पूर्वी पुष्कळ पाळणारे हेच सांगत. आता बरेच जाणकार उलट सांगतात. साप उचलला की तो आधीच धास्तावतो. जेवून झाल्यावर परत उचलला तर पोटातलं ओकून टाकण्याचा धोका असतो, आणि भक्ष्याचा वास नाकातोंडात असताना त्याला हात लावणं हेच चावून घेण्याला आमंत्रण आहे. हात आणि उंदीर यांतला फरक कळावा म्हणून एरवी उचलण्याआधी त्याच्या अंगाला हलकेच एक काठी लावायची. काठी लागली की आज जेवण नाही, हे तो शिकतो.

‘‘आणि बघायला कोण कोण असतं?’’ बाईंनी विचारलं.

सगळेच असायचे. जावयांच्या हातात फोन, शेजारची दोन मुलं, आणि त्या महिन्यात आम्ही दोघं. उजेड लख्ख. निसर्गात हा प्राणी दिवसभर बिळात दडून राहतो आणि अंधारात शिकार करतो. त्याला आम्ही दिव्याखाली, उघड्या डब्यात, माणसांच्या वर्तुळात बसवून ‘खा’ म्हणत होतो. मुंजीतल्या बटूसारखं.

दुसरी गोष्ट बाईंनी सांगितली ती तापमानाची. ऊब नसेल तर सापाला अन्न पचत नाही. न पचलेलं भक्ष्य पोटात कुजतं. म्हणून गारठलेला साप खातच नाही, त्याचं शरीर त्याच्यापेक्षा शहाणं असतं. पेटीचं एक टोक ३१-३२ अंशांवर हवं आणि दुसरं २५-२६वर, म्हणजे त्यानं हवं तिथं सरकावं. घरी येऊन मोजलं तर उबदार टोक २७वर होतं. मेअखेर घराचा एसी सुरू झाला होता आणि त्याचा झोत नेमका पेटीवर येत होता.

जिवंत उंदीर मात्र बाईंनी मना केला. भूक नसलेला साप गप्प पडून राहतो आणि घाबरलेला उंदीर त्याला कुरतडतो, डोळेसुद्धा फोडतो. कोंबून भरवायचं तर नाहीच. वजनातली घट पाच टक्क्यांच्या आत आहे, दहाकडे जायला लागली तर या. तोवर पाणी ताजं ठेवा आणि त्याला एकटं सोडा.

त्याच आठवड्यात नागपंचमी आली, ९ ऑगस्टला. सोमवारीच श्रावण लागला होता आणि सौ.चा उपासही झाला होता. घरात साक्षात नाग नसला तरी त्याचा भाऊबंद बसलेला, तेव्हा ही आता वाटी घेऊन पेटीपाशी जाते की काय, अशी मला धास्ती. तिनं पाटावर गंधानं नवनागांचं कुळ काढलं, दूध-लाह्यांचा नैवेद्य त्या चित्राला दाखवला, आणि नातीला हाक मारून दूध तिलाच प्यायला लावलं. दुपारी पुरणाची दिंडं झाली. त्या दिवशी चिरायचं-तळायचं नाही, जमीन खणायची नाही, हे नियमही तिनं नातीला सांगितले. वासूची पाण्याची वाटी घासून भरली, बस्स.

संध्याकाळी नातीनं विचारलं, ‘‘आजी, वासूला उंदीर देते त्याचं पाप मला लागतं का?’’

सौ. लाह्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘ते त्याचं जेवण आहे. त्याला दूधभात घालून उपाशी मारलंस तर पाप. पण अगं, खाताना बघायला मजा येते म्हणून मात्र देऊ नकोस.’’ पशुवैद्य बाईंनी फी घेऊन याहून वेगळं काय सांगितलं होतं?

१७ ऑगस्टच्या शनिवारी पुन्हा बेत ठरला. आदल्या रात्री उंदीर गॅरेजमधल्या फ्रीझरमधून काढून एका खोक्यात थंड ठेवला होता. रात्री पिशवीसकट गरम पाण्यात बुडवून कोमट केला. मायक्रोवेव्ह नाही, त्यात तो शिजतो, फुटतोसुद्धा. या सापांच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खळग्या असतात. थंड उंदीर त्याच्या लेखी दगडच. खोलीत दिवा नाही. नात एकटी आत, हातात आपल्या सांडशीच्या दुप्पट लांबीचा चिमटा. मी पॅसेजमध्ये, दाराच्या फटीशी. बाकी सगळ्यांना खाली बसवलं होतं.

वासूचं डोकं लाकडी ढोलीतून दोन बोटं बाहेर आलं. जीभ आतबाहेर करत तो वास घेत राहिला. पाच मिनिटं झाली असतील. पोरीचा हात दुखत असणार, पण हलला नाही. आणि मग काही दिसायच्या आत चिमटा रिकामा होता आणि ढोलीच्या तोंडाशी दोन वेढे.

गिळणं मात्र संथ. सापाच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीशी हाडानं जोडलेले नसतात, मध्ये ताणला जाणारा पट्टा असतो. उजवी बाजू थोडी पुढं, मग डावी, असा तो जबडा भक्ष्यावरून अक्षरशः चालत जातो. दात मागं वळलेले, म्हणून आत गेलेलं बाहेर येत नाही. तोंड गच्च भरलेलं असताना श्वासनलिकेचं टोक जिभेच्या वरून पुढं येतं आणि तो श्वास घेत राहतो. शेवटी त्यानं एक लांबलचक जांभई दिली, जबडे जागेवर बसवले आणि आत सरकला. पुढचे दोन दिवस कोणी हात लावायचा नव्हता.

नात बाहेर आली, दार लोटलं आणि जिन्यावर बसून रडली. खालून सौ.चा आवाज आला, ‘‘जेवला का गं?’’

हे वाचून कोणाला साप पाळावासा वाटला, तर कायद्याची बाजू सांगायला हवी. आपल्याकडचे नाग, धामण, अजगर यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ते पकडणं, घरी ठेवणं गुन्हा आहे. वासूसारख्या परदेशी जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो आणि असे प्राणी बाळगणाऱ्यांसाठी भारतात २०२४ साली नोंदणीचे नियम आले. पुण्या-मुंबईत हौसेनं बॉल पायथन घेणारे तरुण आहेत. कागद तपासून घेणारे किती, हा त्यांनी स्वतःला विचारायचा प्रश्न. उंदीर मिळेल कुठून, आणि ही जबाबदारी पंचवीस वर्षं पेलणार कोण, हे त्याच्याही आधी.

आपल्या सापांना आपण जेवू घालावं लागतच नाही. धामण धान्याच्या वासानं आलेल्या उंदरांमागं बांधावर, गोठ्यात, कणगीशी येते. वारूळ वाळवीचं, बीळ उंदराचं. ‘आयत्या बिळावर नागोबा’ असं आपण हिणवतो, पण त्या बिळातच त्याचं ताट असतं. तिथं दूध ओतलं तर मुंग्या येतात. आणि एखादा जखमी किंवा मरगळलेला साप अंगणात सापडला, तर दूध, अंडं, काहीही पुढं करू नये. लांब उभं राहावं, मुलांना आवरावं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.