बंदुकीचं तोंड, माणसाचा कान

शिकारीच्या इतिहासात जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावच्या नावाला एक आकडा चिकटलेला आहे: १९१. खानदेश १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, पण सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या डोंगरांतल्या भिल्लांनी त्यांना पुढची काही वर्षं स्वस्थ बसू दिलं नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाचा बावीस वर्षांचा अधिकारी इथं आला. त्यानं भिल्लांचीच पलटण उभारली आणि तिचं ठाणं धरणगावला केलं. भिल्लांशी त्याची जवळीक झाली ती बरीचशी शिकारीतून. पुढच्या दहा वर्षांत त्यानं स्वतःच्या हातानं १९१ वाघ मारले, असं त्याच्या चरित्रात नोंदवलेलं आहे. आज हा आकडा वाचताना अंगावर काटा येतो. यावलचं अभयारण्य आणि मुक्ताईनगरकडचं डोलारखेड्याचं रान यांत वाघाचा एखादा ठसा दिसला, तरी आता वर्तमानपत्रात बातमी होते.

आउट्रमच्या हातात होती ठासणीची बंदूक. काळी दारू, धुराचा लोट आणि दऱ्याखोऱ्यांत घुमणारा बार. त्या काळी बंदुकीचा आवाज कमी करावा असं कुणाच्या मनातही आलं नसणार, आणि आलं असतं तरी ते जमलं नसतं. काळ्या दारूची इतकी काजळी धरते, की नळीपुढं लावलेलं कुठलंही नाजूक यंत्र थोड्याच बारांत बुजून जावं. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यानं बिनधुराची दारू तयार केली आणि मगच त्या दिशेनं वाट मोकळी झाली.

हा लेख आहे त्या वाटेवरच्या एका छोट्या यंत्राबद्दल. शिकारी रायफलच्या तोंडावर बसणारा हलका सायलेन्सर. आपल्याकडे तो कुठल्याही गावच्या लेथवर बनत नाही आणि बनू नये. त्याचं कारण पुढं येईलच. पण जिथं तो रीतसर बनतो, तिथं तो लहान वर्कशॉपातही बनतो. लेथवर आयुष्य काढलेल्या आपल्याकडच्या टर्नरला त्यातली कारागिरी पाहताक्षणी कळेल. म्हणूनच त्याची ओळख करून द्यावीशी वाटली.

याची कहाणी एका बाप-लेकाची आहे. बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. जन्म अमेरिकेतला, नाव झालं इंग्लंडात. १८८४ मध्ये त्यानं आपोआप गोळ्या झाडत राहणारी मशिनगन बनवली. वसाहतींच्या लढायांत आणि पुढं पहिल्या महायुद्धात या बंदुकीनं आणि तिच्या वंशजांनी किती माणसं मारली याची गणती नाही. तिच्या चाचण्या घेता घेता मॅक्सिमचे स्वतःचे कान गेले. उतारवयात तो जवळजवळ ठार बहिरा होता. मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम अमेरिकेत हार्टफर्डला मोटारींचा इंजिनिअर होता. बापानं घर लवकर सोडलं होतं, त्यामुळे दोघांचा सहवास थोडाच. पण बापानं जगाला जो आवाज दिला, तो कमी करायचं यंत्र मुलानं केलं. ३० मार्च १९०९ रोजी त्याला बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. न्हाणीघरातल्या टबचं पाणी भोवरा करत निचरताना पाहून, वायूलाही असंच गरगर फिरवून त्याचा वेग मारता येईल ही कल्पना सुचली, असं तो सांगत असे.

मॅक्सिमनं हे यंत्र सभ्य माणसांसाठी म्हणून विकलं. परसात नेमबाजीचा सराव करावा आणि शेजाऱ्यांची झोप मोडू नये, हा त्यामागचा हेतू. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या विंचेस्टर रायफलवर मॅक्सिमचा सायलेन्सर होता. १९२० च्या दशकात कंपनीनं बंदुकीचा सायलेन्सर विकणं थांबवलं आणि इंजिनं, कॉम्प्रेसर, कारखान्यांची धुराडी यांच्या आवाजाकडे ती वळली. हौशी रेडिओ चालवणारे मॅक्सिमला वेगळ्याच कारणानं ओळखतात: १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन रेडिओ रिले लीगचा तो एक संस्थापक. बाप आयुष्याच्या शेवटी ऐकू शकत नव्हता, आणि मुलानं दूरवरचं ऐकू यावं म्हणून माणसं जोडली. या घराण्याचा इतिहास मला या एकाच गोष्टीसाठी वाचावासा वाटतो.

आता यंत्राकडे वळू. बार होतो तेव्हा काडतुसातली दारू जळून प्रचंड दाबाचा वायू तयार होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. गोळी नळीच्या तोंडातून सुटते तेव्हाही मागच्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या शेकडो पट असतो. हा वायू एका क्षणात मोकळ्या हवेवर आदळतो, तोच कानठळ्या बसवणारा आवाज. प्रेशर कुकरचं झाकण दाबासकट उघडलं तर काय होईल, आणि शिट्टीतून वाफ हळूहळू सोडली तर काय होतं, यात जो फरक तोच बिनसायलेन्सरच्या आणि सायलेन्सरवाल्या बंदुकीत. नळीपुढच्या दंडगोलात एकामागून एक पडदे असतात. त्यांना बॅफल म्हणतात. गोळी मधल्या भोकांतून सरळ निघून जाते. वायू मात्र कप्प्याकप्प्यांत अडतो, वळतो, पसरतो, थंड होतो आणि उशिरा, निवलेल्या अवस्थेत बाहेर येतो. वायू पुढं उसळत नाही म्हणून खांद्याला बसणारा धक्काही कमी होतो. नवख्या नेमबाजाचा नेम सुधारतो तो बरेचदा यामुळेच.

सिनेमात दाखवतात तसा ‘फुस्स’ आवाज होत नाही. शिकारी रायफलचा बार झाडणाऱ्याच्या कानाशी १६० डेसिबलच्या वर जातो. चांगला सायलेन्सर त्यातले २० ते ३५ डेसिबल काढतो. उरतात सुमारे १३० ते १४०. आपल्याकडे फटाक्याची कायदेशीर मर्यादा फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल आहे. मोजण्याची पद्धत वेगळी असल्यानं हे दोन आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करता येणार नाही, पण अंदाज येतो. शिवाय गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगानं जाते आणि हवा फाडत जाते. तो कडाडण्याचा आवाज कुठलाही सायलेन्सर थांबवू शकत नाही. मग उपयोग काय? उपयोग कानाला. डेसिबलचं गणित साधं बेरजेचं नाही. ३० डेसिबल कमी म्हणजे आवाजाची शक्ती हजारपट कमी. १४० डेसिबलच्या वरचा एकच बारसुद्धा कानाला कायमची इजा करू शकतो, असं आरोग्याचे नियम धरून चालतात. सायलेन्सर आवाज त्या सीमारेषेशी किंवा तिच्या खाली आणून ठेवतो. त्याचं खरं काम इतकंच, आणि ते मोठं आहे.

हलकेपणाचा प्रश्न वर्कशॉपात सुरू होतो. शिकारी दिवसभर रायफल खांद्यावर घेऊन हिंडतो. नळीच्या टोकाला अर्धा किलो वजन लावलं, की ते दस्त्याजवळच्या अर्ध्या किलोसारखं राहत नाही. लांब टोकावर असल्यानं हातांना ते कितीतरी जास्त जाणवतं आणि पळत्या जनावरावर नळी फिरवताना आडवं येतं. म्हणून कारागिराची सगळी धडपड ग्रॅम-ग्रॅमसाठी. पोलाद मजबूत, उष्णतेला दाद देत नाही, पण एका घन सेंटिमीटरला ७.८ ग्रॅम. ॲल्युमिनियम २.७ ग्रॅम, हलकं खरं, पण तापलं की नरम पडतं आणि उसळता वायू त्याला झिजवतो. टायटॅनियम ४.५ ग्रॅम, ताकद पोलादाच्या जवळ. म्हणून आज हलक्या सायलेन्सरांत टायटॅनियमचं राज्य आहे, आणि पूर्ण ताकदीच्या शिकारी रायफलचा सायलेन्सर २५०-३०० ग्रॅममध्ये बसवता येतो.

पण टायटॅनियम टर्नरची परीक्षा पाहतं. ते उष्णता फारशी वाहून नेत नाही. कापताना निघालेली सगळी आच टूलच्या धारेवरच जमते आणि धार भराभर जाते. त्याचा बारीक कीस पेटतो, आणि पेटला की पाण्यानं विझत नाही, उलट भडकतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे शाफ्ट आणि जिनिंगचे रोलर फिरवणाऱ्या कारागिरांना पोलाद, बीड, पितळ यांची नस माहीत असते. टायटॅनियमशी त्यांची गाठ क्वचितच पडते. त्याहून कठीण गोष्ट म्हणजे मध्य. नळीचं छिद्र, जोडणीचे आटे आणि प्रत्येक पडद्याचं भोक एकाच रेषेत हवं. भोक गोळीपेक्षा जरासंच मोठं ठेवता येतं, कारण जास्त मोठं ठेवलं तर वायू तिथूनच निसटतो. रेषा किंचित कलली तर गोळी शेवटच्या पडद्याला घासते. मग नेम जातोच, पण यंत्रही फुटतं आणि माणसालाही इजा होते. यात हातचलाखीला जागा नाही. मोजमाप बरोबर असेल तर यंत्र चालतं, नाहीतर ते धोक्याचं. लेथवर फिरणाऱ्या वस्तूंत इतका निर्दय निकाल देणाऱ्या वस्तू थोड्याच.

वापरणाऱ्यालाही काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिला बार पुढच्या बारांपेक्षा मोठा वाजतो, कारण आत अडकलेल्या हवेतला प्राणवायू गरम वायूबरोबर पेटतो. दुसऱ्या बारापासून आत प्राणवायू उरत नाही. बरेच बार लागोपाठ झाले की दंडगोल तापतो, त्यावरून हवा थरथरत वर जाते आणि दुर्बिणीतून निशाण हलताना दिसतं. तो तसाच लावून रायफल पेटीत ठेवली तर आतल्या दमटपणानं नळीचं तोंड गंजतं.

या यंत्राचं खरं माहेर आज फिनलंडमध्ये आहे. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या त्या देशात जवळपास ३ लाख शिकारी आहेत. मूस नावाचं महाकाय हरीण मोजून-मापून मारणं हे तिथल्या वनव्यवस्थापनाचं काम आहे. रायफलला सायलेन्सर लावणं हे तिथं शेजाऱ्याशी आणि आपल्या कुत्र्याशी चांगलं वागणं समजतात. शिकारी कुत्र्यांनाही कान असतात. पूर्वेकडच्या योएन्सू या शहराच्या परिसरात आसे उत्रासारखे लहान उत्पादक हेच काम करत आले. काही रचनांत सायलेन्सरचा बराच भाग नळीवर मागं सरकवून बसवतात. लांबी वाढत नाही आणि वजनही हाताजवळ येतं. नॉर्वे आणि न्यूझीलंडमध्येही सायलेन्सर साध्या सामानासारखा विकत मिळतो. अमेरिकेत मात्र १९३४ च्या कायद्यानं त्यावर २०० डॉलरचा कर बसला. तेव्हा ही रक्कम कित्येक बंदुकांच्या किमतीपेक्षा मोठी होती. तो कर २०२६ च्या सुरुवातीला शून्य झाला. नोंदणी मात्र अजून आहे.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे आणि ते तसंच असावं, असं माझं ठाम मत आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आवाज किंवा ज्वाला कमी करणाऱ्या जोडणीला बंदुकीच्याच व्याख्येत धरतो. म्हणजे परवान्याशिवाय सायलेन्सर बनवणं हे परवान्याशिवाय बंदूक बनवण्यासारखंच. २०१९ च्या दुरुस्तीनं बेकायदा निर्मितीला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हौसेची शिकार बंद केली. आउट्रमच्या आकड्यानंतर या मुलखाला दुसरा मार्गही नव्हता. खानदेशात रानडुकरं आणि रोही उभं पीक उद्ध्वस्त करतात हे खरं. त्यावर वन खात्याच्या परवानगीनं होणारा उपाय दिवसाढवळ्या आणि नोंदीनिशी झाला पाहिजे. ज्या रानात चोरटी शिकार अजून संपलेली नाही, तिथं बार ऐकू येणं हीच वनरक्षकाची एक मोठी मदत आहे. फिनलंडची व्यवस्था फिनलंडच्या नोंदवह्यांवर उभी आहे, नुसत्या यंत्रावर नाही. लष्कर आणि पोलिसांसाठी लागणारे सायलेन्सर आपल्या देशात परवाना घेऊन बनतात. बेंगळुरूची एसएसएस डिफेन्स ही त्यांतली एक कंपनी.

पण कानांचा प्रश्न कायद्याच्या कलमाशी संपत नाही. आपल्याच जळगाव जिल्ह्यात वरणगावचा आयुध कारखाना १९६४ पासून बंदुकीची काडतुसं बनवतो. पोलीस, गृहरक्षक, एनसीसीची मुलं फायरिंग रेंजवर उभी राहतात. उजव्या हातानं रायफल धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून नेमबाजांचा डावा कान आधी जातो. हे कानाच्या डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि बंदूक दूरच राहू द्या, जिनिंगमध्ये, पत्र्याच्या शेडखालच्या वर्कशॉपांत दिवसभर उभा राहणारा माणूस तेच नुकसान हळूहळू करून घेतो. आवाजानं आलेला बहिरेपणा कायद्यानं कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत आहे. किती मालक तो कळवतात, हा प्रश्न धरणगावच्या जिनिंगवाल्यांनी स्वतःला विचारावा.

सायलेन्सर आपल्यासाठी नाही. पण ज्या विचारातून तो जन्मला, तो नक्कीच आपल्यासाठी आहे: आवाज हे यंत्राचं काम नाही, ती यंत्राची गळती आहे, आणि ती कारागिराच्या हातानं कमी करता येते. ग्राइंडरला आवरण लावता येतं, कॉम्प्रेसर भिंतीपलीकडे बसवता येतो, पत्र्याच्या शेडला आतून अस्तर देता येतं. आणि हे सगळं होईपर्यंत थोडक्या पैशांत मिळणारे कानाचे बोळे तरी आपल्या कामगाराच्या खिशात, रेंजवर जाणाऱ्या आपल्या मुलामुलीच्या पिशवीत आणि स्वतःच्या कानात असू द्या.