तरुणांचा मार्गदर्शक

वकिलाला सनद लागते. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. तरुणांना जीवनविषयक मार्गदर्शन करण्याचा स्वतंत्र व्यवसाय थाटणाऱ्यावर मात्र असे बंधन नाही. म्हणूनच आपल्या मर्यादा त्याने स्वतःच आखून घेतल्या पाहिजेत.

या बाबतीत चेन्नईतील एक उदाहरण बोधप्रद आहे. तेथे १९८६ मध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही आत्महत्या-प्रतिबंधक संस्था स्थापन केली. तिचे स्वयंसेवक मोबदला घेत नाहीत आणि उपदेशही करीत नाहीत. ते ऐकून घेतात. शुल्क घेणाऱ्या मार्गदर्शकानेही प्रथम हेच शिकावे.

त्याची खरी अडचण निराळी आहे. शुल्क पालक देतात, मन मोकळे करतो तो मुलगा. त्याचे बोलणे पालकांच्या कानी घातले, तर तो पुन्हा येत नाही. जिवाला धोका दिसत असूनही दडवले, तर अनर्थ ओढवतो. यास्तव काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे पहिल्याच भेटीत दोघांसमक्ष स्पष्ट करावे. विकाराची लक्षणे दिसताच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवण्यात कमीपणा नाही. त्यामुळे एखादे शुल्क बुडते, परंतु विश्वास जोडला जातो. आणि हा व्यवसाय त्या विश्वासावरच उभा राहतो.