ड्रायव्हर होशील म्हणाले, तो परिवहन मंत्री झाला



अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात २०१३ पर्यंत जर्मनटाउन हायस्कूल होते. १९३० नंतरच्या काळात तेथे कृष्णवर्णीय मुले बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यांपैकी विल्यम कोलमन हा मुलगा हुशार. त्याने वर्गात छान मांडणी केली, तेव्हा बाईंनी कौतुक काय केले? म्हणे, हा पुढे कोणा साहेबाचा उत्तम ड्रायव्हर होईल! ड्रायव्हरचे काम हलके नव्हे. आमच्या वस्तीतील कितीतरी चुली त्यावर पेटतात. परंतु रंग पाहून पोराची पायरी आधीच ठरवायची, ही रीत आम्ही चांगली ओळखतो. मुलगा चिडून बोलला, तर शिक्षा त्यालाच झाली. पुढे त्याने पोहण्याच्या संघात जागा मागितली, तेव्हा संघच बंद करण्यात आला. महाडचे चवदार तळे ठाऊक असलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको.

कोलमन शिकत राहिले. १९४६ साली हार्वर्डमधून ते कायद्याच्या परीक्षेत पहिले आले. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात थर्गुड मार्शल यांच्या बाजूने त्यांनी लेखणी झिजवली.

मार्च १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना परिवहन मंत्री केले. या पदावरचे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी त्यांनी देशाचे परिवहन धोरण लेखी मांडले.

त्यांचा एक निर्णय आम्हाला विशेष वाटतो. राजधानी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनमधून मोठा महामार्ग काढायचा होता. वस्तीतील लोकांचा विरोध होता. कोलमन यांनी १९७५ साली सहा पदरी रस्ता नाकारला. जानेवारी १९७७ मध्ये चार पदरी रस्त्याला मंजुरी दिली, तीही अटी घालून. रस्त्याच्या मधोमध मेट्रो रेल्वेला जागा ठेवावी, अवजड ट्रकना बंदी असावी आणि गर्दीच्या वेळी एकट्यादुकट्याच्या मोटारींना आळा घालावा. रस्ता १९८२ साली सुरू झाला आणि १९८६ साली त्याच्या मधल्या पट्ट्यातून मेट्रो व्हिएन्ना स्थानकापर्यंत धावली. ज्याच्या दारात मोटार नाही, त्यालाही त्या वाटेवर जागा मिळाली.

१९९५ साली त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले. २०१७ साली, ९६ व्या वर्षी ते निवर्तले.

आई-बापांनो, आपल्या लेकराची पायरी दुसरा कोणी ठरवू लागला, तर त्याच्या हातातले पुस्तक तेवढे सुटू देऊ नका. आमचे मागणे एवढेच.