‘आमच्या हद्दीत येत नाही’ असे पोलिसांनी सांगितले तर? ‘झिरो एफआयआर’ आणि ‘ई-एफआयआर’चा हक्क नेमका काय?

समजा, सोलापूरहून पुण्याला येणाऱ्या रेल्वेगाडीत एका महिलेच्या पर्समधली सोन्याची पोत चोरीला गेली. कुर्डुवाडीला पोत जागेवर होती, दौंड सोडल्यावर दिसेना. पुण्यात उतरल्यावर ती पोलीस ठाण्यात गेली, तर उत्तर मिळाले, ‘घटना आमच्या हद्दीतली नाही, दौंडला जाऊन तक्रार द्या.’ हातात सामान, सोबत लहान मूल. अशा वेळी बहुतेक जण तक्रारीचा नादच सोडून देतात.

मात्र हद्दीचे हे कारण आता कायद्याला मान्य नाही. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. त्यातील नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तक्रार नोंदवण्याची पद्धत बदलली आहे. सामान्य माणसाला त्याचा उपयोग कसा होतो, ते पाहूया.

‘झिरो एफआयआर’ म्हणजे काय?

गुन्हा कुठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द आपली नसेल, तर ते ठाणे ‘शून्य’ क्रमांकाने गुन्हा नोंदवते आणि कागदपत्रे संबंधित ठाण्याकडे पाठवते. तिथे गुन्ह्याला नियमित क्रमांक मिळतो आणि पुढचा तपास सुरू होतो.

ही पद्धत अगदीच नवी नाही. दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या शिफारशींनंतर ती रुळू लागली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र तिचा स्पष्ट उल्लेख नव्हता. आता ‘गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडलेला असो’ अशा अर्थाची तरतूद थेट कायद्यातच आहे.

मोबाइलवरून तक्रार केली तर पुरते का?

माहिती तोंडी देता येते, तशी ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही पाठवता येते. यालाच ‘ई-एफआयआर’ म्हणतात. मात्र एक अट आहे. तक्रारदाराने तीन दिवसांच्या आत त्या माहितीवर सही करायला हवी. सही झाल्यावरच ती नोंदीवर घेतली जाते. तक्रार पाठवली, आता काम झाले, असे समजून घरी बसू नये.

११२ क्रमांक तातडीच्या मदतीसाठी आहे. तिथे फोन केला म्हणजे गुन्हा नोंदला गेला, असे होत नाही.

प्रत्येक तक्रारीवर लगेच गुन्हा नोंदवतात का?

तक्रारीवरून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये दिला. नव्या कायद्याने यात एक मधला टप्पा आणला आहे. तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात. त्यासाठी पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि चौकशी १४ दिवसांत संपवावी लागते.

त्यामुळे ‘चौकशी सुरू आहे’ असे उत्तर मिळाल्यास परवानगी घेतली आहे का आणि १४ दिवस कधी पूर्ण होतात, हे तक्रारदाराने विचारून ठेवावे.

‘चोरी’ की ‘गहाळ’?

मोबाइल चोरीला गेला की अनेकदा ‘गहाळ झाला’ अशी नोंद होते. सिमकार्ड पुन्हा मिळवायला ती चालते, पण त्यावरून चोरीचा तपास सुरू होत नाही. विम्याचा दावा करतानाही अडचण येऊ शकते. चोरी झाली असेल तर अर्जात ‘चोरीला गेला’ असेच लिहावे. हातातून हिसकावला असेल तर तसे नमूद करावे. हिसकावणे हा न्याय संहितेच्या कलम ३०४ नुसार वेगळा गुन्हा आहे.

रकमेचाही प्रश्न आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद नव्या कायद्यात आहे. हा प्रकार अदखलपात्र ठरवला आहे. अदखलपात्र प्रकरणात पोलीस ‘एनसी’ नोंदवतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. म्हणून वस्तूची पावती जपून ठेवावी आणि तक्रारीत किंमत लिहावी.

गुन्हा नोंदल्यावर कोणते हक्क मिळतात?

एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. तक्रारदार आणि पीडित व्यक्ती वेगळ्या असतील, तर पीडित व्यक्तीलाही ती मागता येते. सही करण्यापूर्वी मजकूर वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर पोलिसांनी तो वाचून दाखवायला हवा. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला किंवा पीडित व्यक्तीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ही माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते.

पोलिसांनी नकारच दिला तर?

पहिली पायरी म्हणजे वरिष्ठांकडे लेखी तक्रार. जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे ती टपालाने पाठवता येते. पोच जपून ठेवावी, कारण पुढच्या पायरीवर तीच लागते.

तरीही दखल घेतली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सोबत प्रतिज्ञापत्र लागते. आधी वरिष्ठांकडे दाद मागितल्याचे त्यात दाखवावे लागते. दंडाधिकारी पोलिसांचे म्हणणेही विचारात घेतात आणि मग तपासाचा आदेश देऊ शकतात.

लैंगिक अत्याचार, विनयभंग, ॲसिड हल्ला, मानवी तस्करी अशा गुन्ह्यांची माहिती नोंदवायला नकार देणारा अधिकारी स्वतःच गुन्हेगार ठरतो. न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार त्याला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे सश्रम कारावास होऊ शकतो. लैंगिक गुन्ह्यांत महिलेची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर?

महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. मदत क्रमांक १५१०० आहे.

तक्रार मात्र खरीच असावी. पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणे हाही गुन्हा आहे.

पोत हरवलेल्या त्या महिलेने दौंडला परत जाण्याची गरज नाही. गाडीचे नाव, डबा आणि आसन क्रमांक, पोत शेवटची कधी पाहिली, तिची अंदाजे किंमत, एवढे कागदावर लिहून ‘शून्य क्रमांकाने नोंद करा आणि प्रत द्या’ असे तिने पुण्यातच सांगायचे. दौंडला कागद पाठवणे हे पोलिसांचे काम आहे.