शाळा सुटल्यावरची पोटदुखी
किहीमला नव्याने राहायला आलेली दहा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी पोट धरून बसे. ताप नाही, वजन ठीक. मी आधी जंताचे औषध दिले, हे कबूल करतो. शाळेनंतरच्या खेळवर्गात तिला कोणी गड्यात घेत नाही, हे उशिरा कळले. ताईंना सुचवले, गडी निवडू देऊ नका, चिठ्ठ्या टाका. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत १९४१पासून मुले जातपात बाजूला ठेवून एकत्र खेळत आली, ती उगाच नव्हे. सुरूच्या बनात लगोरी मांडली, तिचा नेम पक्का निघाला. दुखणे महिन्याभरात थांबले. मात्र झोपेतून उठवणारी कळ, वारंवार उलट्या किंवा घटते वजन असेल, तर खेळावर विसंबू नका. आधी डॉक्टर गाठा.